१९६९ कॅमॅरो, ल माँ ब्लू: लॅकर, सिंगल-स्टेज की बेस-क्लिअर?

सातारा_ते_डेट्रॉइट
गाडी १९६९ ची शेवरोले कॅमॅरो एसएस, ३५० चं इंजिन, नॉरवुड कारखान्यातली. फायरवॉलवरच्या टॅगवर रंगाच्या जागी ७१ ७१ आहे, म्हणजे खाली-वर दोन्हीकडे ल माँ ब्लू. आत्ता अंगावर लाल रंग आहे आणि तो छतावर भेगाळलाय. दोन्ही क्वार्टर पॅनेल (मागच्या चाकांवरचे पत्रे) आणि ट्रंकचा तळ नवीन बसवून झालेत. गाडी उन्हाळ्यात शनिवार-रविवारी चालवायची, जवळपासच्या शोला न्यायची. काचेत ठेवायची नाही. गॅरेज गरम करता येतं, कॉम्प्रेसर ५ एचपीचा, टाकी ८० गॅलनची.

मूळ रंग ॲक्रिलिक लॅकर होता असं वाचलं. तोच मारावा, की सिंगल-स्टेज युरेथेन (रंग आणि चकाकी एकाच थरात), की बेस-क्लिअर (खाली रंग, वर पारदर्शक थर)? माल किती लागेल? लाल रंगावरच घासून नवीन चढवला तर चालेल का? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

पत्रापुट्टी
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. लाल रंगावर काहीही चढवू नका.

जनरल मोटर्सने १९५० च्या दशकाच्या अखेरीस ॲक्रिलिक लॅकर घेतलं आणि पुढे बरीच वर्षं तेच वापरलं. फोर्ड आणि क्रायस्लर मात्र इनॅमलकडे गेले. लॅकर नुसतं थिनर उडून सुकतं, त्यात रासायनिक जोडणी होत नाही. त्यामुळे पन्नास वर्षांनीही त्यावर थिनर पडलं की ते पुन्हा मऊ होतं. टू-के (हार्डनर मिसळून पक्का होणाऱ्या) मालातलं थिनर खालच्या लॅकरमध्ये शिरतं, ते फुगवतं आणि वरच्या थराला सुरकुत्या पडतात. कधी लगेच दिसतात, कधी पहिल्या कडक उन्हात.

लाल रंग कसला आहे ते दोन मिनिटांत कळेल. पांढऱ्या फडक्यावर लॅकर थिनर घ्या आणि दाराच्या खालच्या कोपऱ्यात अर्धा मिनिट दाबून धरा. रंग विरघळून फडक्याला लागला तर लॅकर. सुरकुतला किंवा फुगला तर इनॅमल. काहीच झालं नाही तर हार्डनरवालं युरेथेन. मग वेगळ्या जागी थोडं पॉलिश चोळा. फडकं लाल झालं तर सिंगल-स्टेज, पांढरंच राहिलं तर वर क्लिअर आहे.

जाडी मोजायचं गेज उसनं मिळालं तर सगळ्या पॅनेलवर फिरवा. कारखान्याचा रंग साधारण ४ ते ६ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) असतो. १२ च्या वर आकडा गेला की गाडी पुन्हा रंगवलेली आहे. २५-३० च्या पुढे गेला की खाली पुट्टी आहे, आणि पुट्टीखाली काय असेल ते पत्रा उघडा केल्यावरच कळतं. छतावरच्या भेगा बहुतेक जाड लॅकरच्या असणार. त्या घासून जात नाहीत. खालच्या थरात राहतात आणि नवीन रंगातून वर येतात.

हट्टी_ओरिजिनल
पण मग लॅकरच का नको? ६९ ची कॅमॅरो लॅकरमध्ये जशी दिसते तशी दुसऱ्या कशात दिसत नाही. तो खोलपणा युरेथेनला नाही.

पत्रापुट्टी
दिसायला लॅकर सुंदरच. पण ते काय मागतं तेही बघा. एक भाग रंगाला दीड भाग थिनर, म्हणजे प्रत्येक हात पातळ. आठ-दहा हात, मध्ये ६०० च्या वॉटर पेपरने घासणं, मग काही आठवडे सुकू देणं, मग पॉलिश. शिवाय जाडी वाढली की थंडीत भेगा. मिशिगनमधल्या गाडीसाठी हे लक्षात ठेवाच. पेट्रोल भरताना चार थेंब सांडले की डाग पडतो. माल मिळतो, पण मोजक्या ठिकाणी आणि पूर्वीएवढ्या छटांत नाही.

आणि कारखान्यात जे व्हायचं ते गॅरेजात होत नाही. तिथे लॅकर मारून भट्टीत घालायचे, दोष घासायचे आणि मग जास्त तापमानाला पुन्हा भाजायचे. त्या दुसऱ्या भाजणीत लॅकर वितळून सपाट व्हायचं आणि चकाकी यायची. गॅरेजात हाताने घासून-घासून आरसा केलेलं लॅकर म्हणजे कारखान्याचं लॅकर नव्हे. मूळ गाड्यांवर संत्र्याच्या सालीसारखी बारीक उठावट असायचीच.

तेव्हा "ओरिजिनल" हवं असेल तर आधी ठरवा, पदार्थ ओरिजिनल हवा की दिसणं? परीक्षणाच्या स्पर्धेत उतरणारी गाडी असेल तर त्या क्लबची नियमावली आधी वाचा. चालवायची असेल तर लॅकर सोडून द्या.

बूथवाली
पत्रापुट्टींशी सहमत. आता उरले सिंगल-स्टेज आणि बेस-क्लिअर. इथे निर्णय तुमच्या आवडीवर नाही, रंगाच्या जातीवर होतो. ल माँ ब्लू मेटॅलिक आहे.

सिंगल-स्टेजमध्ये ॲल्युमिनियमचे कण सगळ्यात वरच्या थरातच असतात. वर धूळ बसली, ओघळ आला किंवा साल जास्त झाली, तर घासता येत नाही. घासलं की कणांचे माथे कापले जातात आणि त्या जागी काळपट ढग दिसतो. पुढे दाराला ओरखडा पडला तर तेवढाच भाग मिसळून घेणंही अवघड. बेस-क्लिअरमध्ये कण खाली राहतात. घासायचं-चमकवायचं ते वरच्या पारदर्शक थरात, आणि दुरुस्ती शेजारच्या पॅनेलवर विरत नेता येते.

साध्या, बिनमेटॅलिक रंगाला मात्र मी सिंगल-स्टेज युरेथेनच सांगेन. डोव्हर व्हाइट, टक्सिडो ब्लॅक, हगर ऑरेंज हे सिंगल-स्टेजमध्ये जुन्या गाडीसारखे दिसतात. काम कमी, घासून पॉलिशही करता येतं.

बेस-क्लिअरवरची तक्रार अशी की गाडी प्लॅस्टिकच्या वेष्टनात गुंडाळल्यासारखी दिसते. तो दोष चार-चार हात क्लिअर मारून आरसा करण्याचा आहे. दोनच हात मारा आणि थोडी साल राहू द्या. दहा फुटांवरून बहुतेकांना फरक कळणार नाही.

सातारा_ते_डेट्रॉइट
पटलं. बेस-क्लिअर. मग लाल रंग काढायचा कसा? एक जण पूर्ण गाडी सँडब्लास्ट करून देतो म्हणतोय.

बूथवाली
बॉनेट, छत, दारं, क्वार्टर यांवर वाळू नको. लोक म्हणतात उष्णतेने पत्रा वाकतो. ते अर्धंच खरं. कडक कण एका बाजूवर आदळत राहतात, ती बाजू ताणली जाते आणि सपाट पत्रा फुगतो. मग तो पुन्हा बसवताना जन्म जातो. वाळू किंवा गार्नेट फक्त जाड भागांना: सबफ्रेम, सस्पेन्शनचे भाग, बिजागऱ्या. बाहेरच्या पत्र्याला प्लॅस्टिक मीडिया, नाहीतर ८० चा पेपर लावून डीए सँडर (गोल फिरत घासणारं यंत्र). सोडा ब्लास्टही चालतो, पण त्याची पूड सांध्यात राहते आणि त्यावर प्रायमर धरत नाही. नीट धुऊन, सुकवून, मगच पुढे.

केमिकल स्ट्रिपर वापरणार असाल तर एक गोष्ट. मेथिलिन क्लोराइडवाला जुना जोरदार स्ट्रिपर घरगुती ग्राहकांना विकायला २०१९ पासून अमेरिकेत बंदी आहे. आता मिळतात ते हळू काम करतात. लावून वर प्लॅस्टिक टाकून ठेवा. कडांपासून आणि सांध्यांपासून इंचभर लांब थांबा, तेवढं हाताने काढा. सांध्यात शिरलेला स्ट्रिपर सहा महिन्यांनी रंग उचलतो.

गंजलेलाकाउल
एक महत्त्वाचं राहिलं. छत आणि क्वार्टर जिथे जुळतात त्या जोडावर कारखान्याने शिसं भरलेलं असतं. त्या वेळच्या केशरी-पिवळ्या-लाल रंगांतही शिशाची रंगद्रव्यं असायची. तिथे कोरडं सँडिंग करायचं नाही. ओलं घासा, पी१०० मास्क लावा, कपडे वेगळे धुवा, घरात लहान मुलं असतील तर जास्तच जपा. नवीन क्वार्टर बसवताना शिसं वितळवून काढलं असेल तर तिथलं फ्लक्स पूर्ण साफ झालंय ना ते बघा. त्यात आम्ल असतं आणि पुट्टीखालून फोड येतात.

पुढच्या काचेखालचा काउल आतून बघितलात का? कॅमॅरोत तिथे पानं साठतात आणि पत्रा आतून खातो. रंगानंतर पाणी पायाशी गळायला लागलं तर सगळं पुन्हा खोलावं लागेल.

नवशिका_नेवार्क
पत्रा उघडा झाल्यावर एच प्रायमर (आम्लाने पत्र्याला धरणारा) की एपॉक्सी? दुकानवाला म्हणतो दोन्ही, आधी एच, वर एपॉक्सी.

पत्रापुट्टी
एपॉक्सी. एचवर एपॉक्सी नको, जोपर्यंत दोन्ही मालांच्या टेक्निकल शीटवर तसं स्पष्ट लिहिलेलं नाही. एचमधलं आम्ल एपॉक्सीच्या हार्डनरशी भांडतं आणि थर नीट पक्का होत नाही. एचवर थेट पुट्टीही धरत नाही.

क्रम असा ठेवा. पत्रा ८० ने घासलेला, वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने पुसलेला. पुसायला दोन फडकी: एकाने ओलं करायचं, ते सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्याने उचलायचं. एकाच फडक्याने पुसलं तर तेल फक्त इकडचं तिकडे होतं. त्याच दिवशी एपॉक्सीचे दोन हात. उघडा पत्रा रात्रभर ठेवायचा नाही. एपॉक्सीला गारठा चालत नाही. ६० फॅरनहाइटच्या खाली तो जवळजवळ थांबतो, वरून कोरडा वाटतो आणि आत कच्चाच राहतो. हवेचं नाही, पत्र्याचं तापमान मोजा, आणि ते रात्रीही टिकवा.

पुट्टी एपॉक्सीवर. एपॉक्सीची पुढचा थर घ्यायची मुदत बऱ्याच मालांत आठवडाभर असते. ती उलटली तर १८० ने घासून घ्या. पुट्टी ३ मिलिमीटरच्या वर जाऊ देऊ नका. जास्त लागत असेल तर पत्रा अजून ठोकायचा बाकी आहे. हार्डनर वजनाने २ टक्क्यांच्या आसपास. लवकर सुकावी म्हणून जास्त घातलं तर उरलेलं पेरॉक्साइड वर झिरपतं आणि बेसवर पिवळट डाग येतात.

त्यावर टू-के सरफेसरचे (घासून सपाट करायच्या जाड प्रायमरचे) दोन-तीन हात, वर गाइड कोट (काळा पातळ फवारा), मग लांब ब्लॉकने १८०, नंतर ३२०. गाइड कोटचे काळे ठिपके जिथे राहतात तिथे खड्डा. पत्रा दिसायला लागला तिथे उंचवटा. लगेच थांबा, तिथे घासत राहिलात तर शेजारी खड्डा कराल. बेसच्या आधी ६००, कारण मेटॅलिकखाली ४०० ची रेघही दिसू शकते. सरफेसर पूर्ण सुकायच्या आत बेस मारला तर तो नंतर आक्रसतो आणि दोन महिन्यांनी चकचकीत क्लिअरखाली सगळ्या रेघा वर येतात. गॅरेजच्या कामात घाई नेमकी इथेच होते.

हिशेबनीस
मालाच्या हिशोबाचं सांगतो. एक गॅलन शुद्ध घन पदार्थ १ मिल जाडीत १६०४ चौरस फूट झाकतो. त्याला मालातल्या घन अंशाने गुणा, मग गनच्या कार्यक्षमतेने. एचव्हीएलपी (कमी दाबाच्या) गनला ६० टक्के धरा, बाकीचं हवेत जातं.

कॅमॅरोचं बाहेरचं अंग आणि दाराच्या चौकटी, कडा धरून १६० चौरस फूट धरू.

क्लिअर: दोन हातांत ४ मिल. गनमध्ये असताना घन अंश ४५ टक्के धरला तर एका गॅलनमागे १६०४ × ०.४५ × ०.६ म्हणजे ४३३. गरज १६० × ४, म्हणजे ६४०. भागाकार दीड गॅलन, तेही हार्डनरसकट तयार झालेला.

बेस: एकूण १ मिल पुरतो, पण घन अंश १५ टक्क्यांच्या आसपास. गॅलनमागे १४४, म्हणजे साधारण १.१ गॅलन तयार माल. एकास एक रिड्यूसर (बेस पातळ करायचं थिनर) असेल तर मूळ रंग अर्ध्या गॅलनपेक्षा थोडा जास्त लागतो. तरी पूर्ण एक गॅलन घ्या. मेटॅलिकमध्ये शेवटच्या क्वार्टरला माल संपला आणि दुसरा डबा मिसळून आणला, तर तो तंतोतंत तसाच येईल याची खात्री नाही. दोन-चार डबे असतील तर सुरू करण्याआधी एका बादलीत एकत्र करून ढवळा, मग पुन्हा भरा.

एपॉक्सी एक गॅलन आणि तेवढाच ॲक्टिव्हेटर. यात पुट्टीनंतरचा सीलरचा (रंगाआधीच्या शेवटच्या प्रायमरचा) हातही निघतो. सरफेसर दीड गॅलन. दोनदा ब्लॉक करणार असाल तर दोन. टक्केवारी तुमच्या मालाच्या शीटवरून घ्या, माझे आकडे मधले आहेत.

आणि सगळं एकाच कंपनीचं घ्या. एकाचा बेस, दुसऱ्याचं क्लिअर, तिसऱ्याचा स्वस्त रिड्यूसर असं केलं आणि काही बिघडलं तर तिघेही दुसऱ्याकडे बोट दाखवतील.

सातारा_ते_डेट्रॉइट
हा हिशोब कुठेच मिळत नव्हता, आभारी आहे. छटेचं काय? दुकानात नुसतं "६९ ल माँ ब्लू" सांगितलं तर नेमका तोच निळा मिळेल?

बूथवाली
नावावर जाऊ नका. त्या काळच्या रंगपट्ट्या डिट्झलर आणि ड्यूपाँटच्या. डिट्झलर म्हणजे आजचं पीपीजी. ड्यूपाँटचा गाड्यांच्या रंगाचा धंदा २०१३ पासून ॲक्साल्टा या नावाने चालतो. जुन्या कोडवरून आजचं सूत्र काढून देतात, पण रंगद्रव्यं बदलली आहेत आणि ॲल्युमिनियमचे कणही. जुना कण जाड-बारीक मिसळलेला, आजचा एकसारखा आणि जास्त चमकदार. त्यामुळे समोरून निळा जुळला तरी तिरक्या नजरेला वेगळा दिसू शकतो.

मूळ रंग उन्हापासून वाचलेला कुठे आहे ते शोधा: किक पॅनेलच्या मागे, दाराच्या सिल प्लेटखाली, ट्रंकच्या वेदरस्ट्रिपखाली, डॅशच्या आतल्या कडेला. तिथे २,००० ने हलकं घासून पॉलिश करा आणि तो तुकडा नमुना म्हणून न्या. मग सूत्राच्या दोन-तीन पर्यायांचे स्प्रे-आउट कार्ड करून घ्या. काळ्या-पांढऱ्या पट्ट्याच्या कार्डवर तुमच्याच गनने, तुमच्याच दाबाने, वर क्लिअरसकट. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली ठरवू नका. बाहेर सावलीत, उन्हात आणि संध्याकाळी, तिन्ही वेळी बघा. काळा पट्टा किती हातांत झाकला जातो तेही त्याच कार्डवर कळेल.

मोपारवेडा
तीच गोष्ट आमच्या क्रायस्लरच्या बाजूला. १९७० ची एफसी७, डॉजवर प्लम क्रेझी, प्लिमथवर इन-व्हायोलेट. तोही मेटॅलिक. आणि आमच्याकडे मूळ माल इनॅमल होता. त्यामुळे कॅमॅरोचा लॅकरचा सल्ला डॉज चॅलेंजरला जसाच्या तसा लावू नका.

हट्टी_ओरिजिनल
हगर ऑरेंजवाल्यांसाठी भर. शिशाचं रंगद्रव्य गेलं तशी केशरी-पिवळ्याची झाकण्याची ताकदही गेली. करड्या सरफेसरवर पाच हात मारूनही कडा फिक्या राहतात. खाली पांढरा किंवा केशरीकडे झुकणारा सीलर मारा, मग दोन-तीन हातांत भागतं. निळ्याला मध्यम करडा सीलर चालतो. कुठली करडी छटा ते सूत्राच्या कागदावर लिहिलेलं असतं, दुकानदार सांगायला विसरतो.

बूथवाली
आता मारण्याची पद्धत. मेटॅलिकमध्ये नव्वद टक्के भानगडी इथेच होतात.

दारं, फेंडर, बॉनेट सुटे करून टेबलावर आडवे ठेवून रंगवू नका. आडव्या पत्र्यावर कण वेगळे बसतात, उभ्यावर वेगळे. मग गाडीवर बसवल्यावर दार एका निळ्याचं आणि फेंडर दुसऱ्या निळ्याचं. आधी चौकटी, कडा, आतल्या बाजू रंगवा. सगळं बसवा, फटी जुळवा. मग बाहेरचं अंग सलग, एकाच दिवशी, एकाच बादलीतून. सुटंच रंगवायचं असेल तर गाडीवर असतं तसं उभं टांगा, आणि गन फिरवण्याची दिशाही तीच ठेवा.

गन १.३ च्या नोझलची. प्रायमरला वेगळी, १.७ च्या आसपास. अंतर ६ ते ८ इंच, प्रत्येक पट्टा आधीच्यावर तीन-चतुर्थांश. दोन मध्यम हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटं, थर पूर्ण मंद होईपर्यंत. चकचकीत दिसतोय म्हणजे थिनर अजून आत आहे. तिसरा हात ड्रॉप कोट: अंतर १०-१२ इंच, माल कमी, आधीच्या पट्ट्यांना आडवा. याने ढगाळलेले कण सारखे होतात. ओला जाड हात मारला की कण वाहत जातात आणि वाघाचे पट्टे उमटतात. बेसमध्ये पट्टे दिसत असताना क्लिअरने झाकतील असं समजू नका. क्लिअरखाली ते दुप्पट उठून दिसतात.

रिड्यूसर तापमानाप्रमाणे: ६५ फॅरनहाइटला फास्ट, ७५ ला मीडियम, ८५ ला स्लो. पूर्ण गाडीला एक पायरी हळू घेतलेला बरा, नाहीतर छताच्या मधोमध कोरडा पट्टा राहतो. पत्रा दवबिंदूपेक्षा किमान ५ अंश फॅरनहाइट वर हवा.

क्लिअर बेसनंतर अर्ध्या-एक तासाने, जास्तीत जास्त त्याच दिवशी. बहुतेक मालांत २४ तास उलटले की बेस घासून पुन्हा एक हात मारावा लागतो.

कॉम्प्रेसरकाका
५ एचपीचा कॉम्प्रेसर पुरेल, पण हवा कोरडी आहे का? टाकीतून थेट गनला पाइप नको. तापलेल्या हवेत वाफ असते, ती फिल्टरमधून आरपार जाते. २५-३० फूट तांब्याची किंवा लोखंडी लाइन भिंतीवर वर-खाली फिरवा, प्रत्येक खालच्या टोकाला नळ, आणि फिल्टर शेवटी, गनजवळ. पीव्हीसीचा पाइप वापरू नका, तो दाबाखाली फुटून तुकडे उडतात. पाण्याचा एक थेंब क्लिअरमध्ये गेला की तिथे फोड.

गंजलेलाकाउल
आणि जिवाचं. बेसपर्यंत कोळशाच्या काडतुसांचा मास्क चालवतात लोक, पण हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याला वास जवळजवळ नाही, काडतूस संपलेलं कळत नाही. एकदा शरीर संवेदनशील झालं की पुढे थोड्याशा वाफेनेही दमा उसळतो आणि तो बरा होत नाही. बाहेरची स्वच्छ हवा देणारा सप्लाइड-एअर मास्कच हवा, त्याचा पंप रंगाच्या खोलीबाहेर. पूर्ण अंग झाकणारा सूट, नायट्राइल हातमोजे. आयसोसायनेट कातडीतूनही जातं. एपॉक्सीच्या हार्डनरनेही कातडी बिघडते.

गॅरेजात गॅसचा वॉटर हीटर असेल तर पायलट ज्योत बंद करा, भट्टीचीही. थिनरची वाफ जमिनीलगत साचते, ज्योतही तिथेच असते.

सॅन_होजेकर
कॅलिफोर्नियात असाल तर हवेत जाणाऱ्या सॉल्व्हंटवर जिल्हावार मर्यादा आहेत. इथल्या बऱ्याच दुकानांत बेस पाण्याचाच मिळतो. त्याला घाबरू नका, मेटॅलिक उलट सारखा बसतो. तो उष्णतेपेक्षा वाऱ्याने सुकतो, म्हणून खोलीत हवा फिरती ठेवा. गन स्टेनलेसची लागते. डबा गोठू द्यायचा नाही, गोठला की फेकायचा. क्लिअर मात्र वर तेच टू-के.

नाशिक_काँटेसा
थोडं अवांतर. १९८० च्या दशकातल्या काँटेसावर गॅरेजवाला एनसी मारू म्हणतो, पीयू (पॉलियुरेथेन) महाग म्हणतो. पावसाळ्यात काम सुरू आहे.

पत्रापुट्टी
एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज, लॅकरचीच जात. वर लिहिलेले सगळे दोष त्यालाही आहेत. पावसाळी हवेत थिनर उडताना पत्रा गार होतो, वाफ थरात अडकते आणि रंग दुधाळ होतो. गॅरेजात रिटार्डर घालून वेळ मारून नेतात. टू-के पीयूच घ्या, पण जुन्या एनसीवर नाही, सगळं काढून. आणि पाऊस थांबेपर्यंत थांबा. हार्डनर आर्द्रतेशीच अभिक्रिया करतो, उघडा डबा दोन दिवसांत दाट होतो.

सातारा_ते_डेट्रॉइट
पांढरा हॉकी स्टिक पट्टा आहे पुढच्या फेंडरवर. तो क्लिअरखाली की वर?

हट्टी_ओरिजिनल
वर! कारखान्याच्या पट्ट्याची कड बोटाला लागायची. क्लिअरखाली गाडला की ती जाते. क्लिअर पक्कं झाल्यावर, दोन-तीन दिवसांनी, पट्ट्याची जागा ग्रे स्कफ पॅडने घासा, बारीक रेषेची टेप लावा, पांढरा सिंगल-स्टेज एक-दोन पातळ हात. टेप रंग ओलसर असतानाच, स्वतःवर दुमडत ओढा. सुकल्यावर ओढली तर कड दातेरी होते. फायरवॉल आणि रेडिएटर सपोर्ट अर्धचकाकीचा काळा ठेवा. तिथे चकचकीत काळा मारला की जाणकार लांबूनच ओळखतो.

नवशिका_नेवार्क
क्लिअर पहिल्या दिवशी आरसा आणि महिन्याभरात मंद, असं का होतं?

बूथवाली
थिनर आत अडकलं. जाड हात, मध्ये कमी वेळ, गरजेपेक्षा हळू रिड्यूसर, किंवा बेस ओला असतानाच क्लिअर. वरचा पापुद्रा आधी सुकतो, आतलं थिनर हळूहळू निघतं आणि थर खचतो. टाचणीएवढी छिद्रं दिसली तर तेच कारण, फक्त रिड्यूसर उलट बाजूने चुकलेलं असतं: फार फास्ट. मंद झालेलं पुन्हा पॉलिश होतं. छिद्रं पॉलिशने जात नाहीत, घासून पुन्हा क्लिअर.

माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे दिसले तर सिलिकॉन. डॅशबोर्ड चमकवायचा स्प्रे त्या गॅरेजात पुन्हा आणू नका.

ओघळ आला तर ओला असताना हात लावायचा नाही. पूर्ण सुकला की रेझरच्या पात्याने खरवडून, १,००० आणि १,५००, मग पॉलिश. घासताना क्लिअरचा अर्धा मिल जातो. गेजने मोजत राहा, दोन मिलच्या खाली जाऊ नका. कडा आणि शरीररेषांवर टेप लावूनच मशीन फिरवा, तिथे थर आपोआप पातळ असतो.

सातारा_ते_डेट्रॉइट
शेवटचं. वेदरस्ट्रिप आणि बोधचिन्हं कधी बसवू, आणि वॅक्स?

पत्रापुट्टी
बोधचिन्हांची भोकं क्लिअरनंतर बारीक गोल फाइलने नुसती साफ करा, मोठी करू नका. आत पत्रा उघडा पडतो तिथे ब्रशने एपॉक्सी, नाहीतर गंज पहिला तिथूनच. वेदरस्ट्रिपचं चिकट सॉल्व्हंटचं असतं, म्हणून किमान आठवडा थांबा आणि चिकट बाहेर आलं तर लगेच पुसा. दारं पहिले काही दिवस जोरात लावू नका, नवीन रंग रबराला चिकटतो. गाडीवर कव्हर टाकायचं नाही. वॅक्स ६० ते ९० दिवसांनी, तोवर साध्या पाण्याने धुवा आणि सावलीत सुकवा.